प्रकरण चौदावे : तिसरा सिलिंडर

थोरला शेडच्या दारात आला तेव्हा बदामीच्या पोटात ऊन उतरलं होतं.

बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, इंजिन बाहेर काढलेलं. ते जिथे असायचं त्या रिकाम्या जागेतून, पत्र्याच्या फटीतलं दहाचं ऊन सरळ खाली फरशीवर पडलं होतं. त्या उन्हात धूळ इतक्या सावकाश फिरत होती की थोरल्याला वाटलं, आपण घाईघाईने आलो ते उगीचच. या शेडमध्ये कुणाला कधी घाई नसायची. आजोबा याच शेडमध्ये गाडी पुसता पुसता दुपार काढायचे. ज्या मालकीणबाईंकडे ते ड्रायव्हर होते, त्यांनी देश सोडताना गाडी त्यांच्या हवाली केली होती. रंग बदामी, म्हणून नाव बदामी. पुढे बाबा तिच्या पोटाखाली आडवे झाले आणि मेकॅनिक होऊनच बाहेर आले. आणि थोरला, मधली बहीण आणि धाकटा, ही तीन भावंडं तिच्या मागच्या सीटवर भांडत भांडत मोठी झाली.

गेले आठ महिने मात्र ती चादरीखाली होती.

"आलास?" बाबा म्हणाले. ते वेताच्या खुर्चीत बसले होते, तोंड दुसरीकडे करून. त्यांना हल्ली समोरचं दिसत नसे, फक्त कडेचं दिसे. त्यामुळे ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखं करून बसायची त्यांना सवय लागली होती. नव्या माणसाला वाटे, म्हातारा रागावलाय.

"पत्र आलंय, बाबा. मंगळवारी ट्रक पाठवतायत ते."

"कोण ते?"

"संग्रहालयवाले. इंजिन असो नसो, त्यांना चालतंय. काचेच्या दालनात ठेवणार. खाली पाटी, आजोबांचं नाव. लोक येऊन बघतील."

"हात लावता येईल?"

"हात कसा लावू देतील?"

"मग बघून काय करायचंय?" बाबा म्हणाले. मग जरा नरमाईने, "मी नाही म्हणत नाहीये. पाठव म्हणालो होतो, पाठव. पण आधी उघडून बघू. माणूस गेला तरी कशाने गेला ते डॉक्टर लिहून देतो."

थोरल्याने मान हलवली. त्याला गाडीशी वैर नव्हतं. त्याला घरातलं भांडण संपवायचं होतं आणि त्याचा हिशोब सरळ होता. गाडी गेली की तिच्याबरोबर तो विषयही जाईल.

आठ महिन्यांपूर्वी मावशी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. थोरला त्या दिवशी परगावी होता. धाकट्याने आईला बदामीत बसवलं आणि निघाला. डोंगराच्या चढावर, अर्ध्या वाटेत, इंजिन एक मोठा आवाज करून जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत चार तास गेले. आई पोहोचली तेव्हा तिची बहीण गेलेली होती.

तेव्हापासून मधली धाकट्याशी बोलत नव्हती. बोलली होती ती एकदाच, सगळ्यांसमोर. "तुला साधा तापमानाचा काटा बघता आला नाही? बस चालवतोस ना तू?" बारा वर्षं शहरातली बस चालवणाऱ्या धाकट्याने त्यानंतर आठवड्याभरात डेपोत अर्ज दिला आणि स्टिअरिंग सोडलं. आता तो हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायचा. छत्र्या, डबे, पुस्तकं, आणि एकदा कुणाची तरी कवळी.

"कवळी न्यायला आलं का कोणी?" आईने तेव्हा विचारलं होतं.

"आलं असेल, पण त्याचं बोलणंच कळलं नसेल कुणाला," धाकटा म्हणाला होता. आठ महिन्यांत त्याने केलेला तो एकुलता एक विनोद.

आता तो आला आणि कुणाकडे न बघता दाराजवळच्या जुन्या टायरवर बसला. आई चहा घेऊन आली. इंजिन जाड लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं आणि मधली पाना घेऊन त्याच्यापुढे उभी होती. इंजिनांचे भाग कातणाऱ्या मोठ्या कारखान्यात ती कामाला होती. बाबांच्या हाताखाली शिकून तिथवर पोहोचलेली. बाबांचे डोळे गेल्यावर आता बदामीला हात लावायचा अधिकार तिचाच, हे न सांगता ठरलं होतं.

"सुरू करू?" तिने विचारलं.

"कर," बाबा म्हणाले. "आणि जे दिसेल ते सांगत जा. मला फक्त तुझी कोपरं दिसतायत."

*

मधलीने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. गॅस्केट कागदासारखी सुटून आली. चार सिलिंडर, चार गोल विहिरी.

"पहिला बरा आहे. दुसराही बरा आहे," ती म्हणाली. "चौथा ठीक."

"तिसरा?"

तिसऱ्यात पिस्टन तिरका होऊन रुतला होता. त्याच्या कडेला काळा, फुटका जबडा. खालचं चेंबर सोडवलं तेव्हा तेलाच्या चिखलात पांढरे, चकचकीत तुकडे पडलेले दिसले. दात पडावेत तसे.

"झालं," थोरला म्हणाला. "पाणी न बघता पळवली, ताप चढला, पिस्टन फुगला आणि अडकला. हे कळायला उघडायची गरज नव्हती."

टायरवर बसलेला धाकटा बुटाचं टोक फरशीवर घासत राहिला.

खालून कनेक्टिंग रॉड सोडवून, लाकडाचा ठोकळा लावून, मधलीने पिस्टन हळूहळू वर ठोकला. तो आधी हट्टाने थांबला, मग एकदम तिच्या हातात आला. पितळी ताटलीएवढा जड, अर्धा फुटलेला. तिने अंगठ्याने त्याच्यावरची काजळी पुसली.

पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी एक पोकळ पिन असते. ती सरकून बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना खाचेत तारेची एकेक बारीक कडी बसवतात. तिला लॉक म्हणतात. नखाएवढी असते. एका टोकाला ते लॉक होतं, काळं पडलेलं, पण जागच्या जागी. दुसऱ्या टोकाची खाच रिकामी होती. पिन त्या बाजूने बोटभर बाहेर आली होती.

मधलीच्या कानात शेडचे आवाज दूर गेले. कपबश्या, आईचा खोकला, रस्त्यावरची सायकल. सगळं पाण्याखालून यावं तसं.

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. बाबांना तेव्हा नुकतंच अंधुक दिसायला लागलं होतं, पण ते कुणाला सांगत नव्हते. इंजिन नव्याने बांधत होते. पहिला आणि दुसरा पिस्टन त्यांनी जोडला होता. "तिसरा तू घे," म्हणाले होते. पहिल्यांदाच. तिने एका बाजूचं लॉक बसवलं, आणि फोन वाजला. कारखान्यातून. निवड झाली होती. ती अंगणात गेली आणि तिथे एकटीने, बोलता बोलता, गोल गोल फिरली. आभाळ भिंतींच्या कडांवर फिरत होतं. आयुष्यात इतकी हलकी ती पुन्हा कधी झाली नव्हती. परत येऊन तिने पिस्टनला रिंगा चढवल्या, तेल लावलं, आणि तो सिलिंडरमध्ये उतरवला.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं. "थांबलीस का?"

"धुवून बघते," ती म्हणाली. पिस्टन चिंधीत गुंडाळून ती कोपऱ्यातल्या रॉकेलच्या थाळीकडे गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. ब्रश फिरवत राहिली. फुटका पिस्टन जितका स्वच्छ होत गेला तितकी ती खाच आणखी स्पष्ट दिसायला लागली.

*

बाबा तोवर खुर्चीतून उठले होते. इंजिनाचा कडेचा आकार धरून ते त्याच्यापाशी आले आणि त्यांनी आपला हात तिसऱ्या सिलिंडरमध्ये घातला.

डोळे मिटले. तसंही उघडे ठेवून उपयोग नव्हता. आतली भिंत आधी गार, गुळगुळीत लागली. या भिंतीवरून त्यांची बोटं किती वेळा फिरली होती! आजोबांनी पहिल्यांदा त्यांचा हात धरून याच विहिरीत घातला होता आणि विचारलं होतं, सांग, कुठे खरखरीत लागतं? तेव्हा त्यांचा सगळा पंजा आत मावायचा. आता चारच बोटं. बापाची बोटं कुठली आणि आपली कुठली, हे क्षणभर त्यांना कळेना. मग करंगळी कशात तरी अडकली.

वरून खाली, सरळ. नांगराने ओढल्यासारखी घळ.

"थोरल्या," ते म्हणाले, "ताप चढून पिस्टन अडकला तर ओरखडे कुठे येतात?"

"मला काय माहीत, बाबा?"

"डाव्या-उजव्या अंगाला येतात. पुष्कळ येतात, आणि उथळ. हा एकच आहे. पुढच्या अंगाला. आणि नख बुडेल एवढा खोल." त्यांनी हात बाहेर काढला. "ही पिन आहे. पिन बाहेर येऊन भिंत कापत होती. लोहचुंबक घे आणि त्या चेंबरमधून फिरव. तारेचा तुकडा सापडतो का बघ."

थोरल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या चिखलात हात घातला. लोहचुंबकाला रिंगेचे दोन तुकडे चिकटून आले. तार आली नाही. त्याने पुन्हा फिरवला.

"नाही काही."

"मधले, पिस्टन दे."

तिने दिला. देताना तिचा हात त्यांच्या हाताखाली जरा जास्तच वेळ राहिला. बाबांनी अंगठ्याने खाच शोधली. अंगठा खाचेत फिरला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"लॉक तुटून पडलं असतं तर याच्या कडा मार खाऊन बोथट झाल्या असत्या," ते म्हणाले. "या कोऱ्या आहेत. इथे लॉक बसवलंच नव्हतं."

 बाबा दाराच्या दिशेने वळले, मग आठवण होऊन त्यांनी मान जराशी बाजूला केली, म्हणजे त्यांना टायरवरची आकृती दिसली.

"पोरा," ते म्हणाले, "हे इंजिन मी बांधलं होतं. तेव्हाच मला दिसत नव्हतं. लाजेपायी बोललो नाही. तू गाडी कशीही चालवली असतीस तरी हे व्हायचंच होतं. माझ्यामुळे तू आठ महिने..." 

"बाबा, असू दे," थोरला घाईने म्हणाला. "वय झालं, होतं असं. तुम्हाला कोण बोलणार आहे?"

ही सोय किती सोपी होती, हे मधलीला दिसत होतं. बाबांना सगळ्यांनी तिथल्या तिथे माफ केलं असतं. संध्याकाळपर्यंत घरात सगळं गोड झालं असतं.

"बाबा, तिसरा तुम्ही नव्हता जोडला," ती म्हणाली. "मी जोडला होता."

"तू फक्त हाताशी होतीस."

"'तिसरा तू घे' म्हणालात तुम्ही. मी एक लॉक लावलं, तेवढ्यात कारखान्याचा फोन आला. आल्यावर दुसरं लावायचं राहिलं." तिने श्वास घेतला. "आणि ते मला दुसऱ्या दिवशी सापडलं. टेबलावर, चिंधीखाली."

धाकटा टायरवरून उठला.

"सापडलं?"

"मी मनाला सांगितलं, पाकिटात एक जास्तीचं आलं असेल. पण पाकिटात मोजून आठ येतात. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तुला."

"इंजिन जोडून बंद करून झालं होतं. बाबा सगळ्यांना बोलावून ते चालू करून दाखवत होते, इतके खूश होते. मी म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग गाडी धावायला लागली, काही झालं नाही, आणि मलाच वाटायला लागलं की खरंच जास्तीचं असेल."

"मी तुला म्हटलं होतं, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मावशीकडे जायच्या आधी पंधरा दिवस. बारीक टकटक येतेय म्हटलं होतं. तू काय म्हणालीस?"

"जुनी गाडी आहे, बोलणारच."

"आणि मग सगळ्यांसमोर मला विचारलंस, काटा का नाही बघितला." तो दोन पावलं पुढे आला. "मी बघितला होता गं. दर वळणावर बघत होतो. पण तुम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणायला लागलात की मला वाटायला लागलं, नसेल बघितला. नंतर मला तो काटा लाल रेघेवर दिसायला लागला. डोळे मिटले की दिसायचा. जे झालंच नाही ते मला आठवत होतं."

 मधली रॉकेलने पांढऱ्या पडलेल्या हातांकडे बघत राहिली.

"शाब्बास," थोरला म्हणाला. आता त्याचा सगळा राग वळून बहिणीवर आला होता, आणि गेले आठ महिने आपण तिच्याच बाजूने होतो हे आठवून तो दुप्पट झाला होता. "कमाल आहे तुझी. त्याची नोकरी बदलली, आई शेवटचं भेटू शकली नाही, आणि तू मजेत..."

"ए," आई म्हणाली.

ती इतका वेळ पालथ्या ठेवलेल्या बादलीवर बसली होती. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"पुरे. आठ महिने एकावर काढले. आता पुढचे आठ हिच्यावर काढायचे नाहीत."

"आई, पण तुझंच तर..."

"माझं काय ते मी बघेन. मी त्याला पळव म्हटलं होतं. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, आई त्याला पाठीशी घालतेय. चांगलं आहे! मी पन्नास वर्षं लोकांचे कपडे बेतले, मापात कधी खोटं बोलले नाही, आणि घरात माझं खरं कुणाला वाटत नाही."

कुणी हसलं नाही, पण थोरल्याचे खांदे जरा खाली आले.

आईला ते चार तास आठवत होते. सगळे त्यांच्याबद्दल असं बोलायचे की जणू तिने ते आगीत बसून काढले. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. दरीतून धुकं वर येत होतं. धाकट्याने आपला कोट दगडावर घालून तिला बसवलं होतं आणि तो रस्त्यावर पुढे-मागे धावत होता, धुक्यात जात होता आणि धुक्यातून येत होता. आणि तिच्या मनात बहीण बोलत होती. लहानपणी एका पांघरुणात झोपल्यावर बोलायची तशी, अर्धवट, असंबद्ध. तू माझी रिबीन घेतली होतीस. नाही, तूच दिली होतीस. चार तास त्या दोघी भांडत होत्या. पोहोचल्यावर खाटेवर जे होतं त्याच्याशी बोलण्यापेक्षा ते बरं होतं की वाईट, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. इतकंच तिला कळत होतं की ते पोरांना सांगितलं तर त्यांना वाटेल, आई समजूत घालतेय.

धाकटा दारातून बाहेर निघून गेला. कुणी त्याला हाक मारली नाही.

"ब्लॉकला तडा आहे का?" बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं.

मधलीने बॅटरी घेऊन वाकून बघितलं. "नाही. घळ आहे तेवढीच. सिलिंडरचा बोअर मोठा करून आत नवा लाइनर बसवता येईल."

"तू करशील?"

"मी करू?"

"मग कोण? मी?" बाबा म्हणाले. "मला तर तुझी कोपरं दिसतात."

थोरल्याने हात धुतले. तेल निघेना. सोमवारी सकाळी त्याने संग्रहालयात फोन लावला तेव्हाही नखांत काळं होतं.

"गाडीला येता येणार नाही," तो म्हणाला. "का म्हणजे? बरं नाहीये तिला." आणि समोरचा काय समजायचं ते समजला.

*

लाइनर म्हणजे लोखंडाचं जाड नळकांडं. कापलेला सिलिंडर मोठा करून त्यात ते नवी भिंत म्हणून बसवायचं. पण ते भोकापेक्षा केसभर मोठं असतं. म्हणून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, तापवायचा, म्हणजे तो फुगतो. लाइनर थंड करायचा, म्हणजे तो आकसतो. मग एका दमात आत सोडायचा. मध्येच अडकला तर संपलं, तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

मधलीने कारखान्यातून सुट्टी घेतली. पंधरवडाभर ती बोअर कातण्यात गुंतली होती. नव्या पिस्टनांसाठी तिने दूरच्या एका कारखान्याला पत्र पाठवलं, तिथे अजून जुन्या गाड्यांचे पिस्टन घडवतात. ते आले तेव्हा ती ते उशाशी ठेवल्यासारखी सांभाळत होती.

"माझ्या फ्रीजमध्ये लोखंड ठेवलंय कुणी?" एका सकाळी आईने विचारलं.

"मी. लाइनर आहे. दुपारपर्यंत काढू नको."

"दूध कुठे ठेवू मग? गाडीत?" आई म्हणाली, आणि मग जाता जाता, "दोघं लागतील ना गं तुला ते बसवायला?"

"दादाला येतो का विचारते."

"त्याला अजून पाना धरता येत नाही."

दुपारी ब्लॉक तापायला लागला आणि शेड उबदार झाली. हवा थरथरत होती. पलीकडची भिंत, भिंतीवरचे पाने, बदामीचे दिवे, सगळं पाण्यातल्यासारखं हलत होतं. मधलीने जाड हातमोजे चढवले आणि वर बघितलं, तर दारात धाकटा उभा होता. डेपोच्या गणवेशात.

"आई म्हणाली, कुणीतरी धरायला लागेल."

"लागेल."

"काय करायचं?"

"लाइनर तू धरायचास, मी सांगते तसा सरळ. मी तोंड जुळवते. 'सोड' म्हटलं की सोडायचं. एकच संधी आहे."

तो फ्रीजमधून लाइनर घेऊन धावत आला. लोखंडावर पांढरं दव साचलं होतं आणि त्यातून धूर निघत होता. तापलेल्या ब्लॉकवर तो आणला तसा दोघांच्या चेहऱ्यांमध्ये वाफेचा ढग उठला. तिला तो दिसेना, त्याला ती दिसेना.

"जरा डावीकडे," ढगातून ती म्हणाली. "नाही, माझ्या डावीकडे. तसंच. तसंच धर." मग क्षणभर काहीच नाही. "सोड."

लाइनर सुळकन खाली गेला आणि तळाला टेकल्याचा भरीव आवाज आला. दोघं तसेच वाकून उभे राहिले. ब्लॉकने लाइनरला हळूहळू आवळून धरलं. टिक, टिक, असा बारीक आवाज येत होता.

"बसला?"

"बसला."

वाफ विरली. त्याच्या भुवयांवर पाणी होतं. तिला माफी मागायची होती. आठवडाभर तिने वाक्यं जुळवली होती, पण आत्ता त्यांतलं एकही कामाचं वाटेना.

"मला तुझा राग आहे," धाकटा म्हणाला. "अजून आहे. कधी जाईल माहीत नाही."

"असू दे."

"पण पिस्टन बसवताना मला बोलाव."

तिने बोलावलं. पुढच्या रविवारी चारही पिस्टन टेबलावर स्वच्छ कापडावर मांडलेले होते, शेजारी आठ लॉकं. धाकट्याने चिमट्याने एकेक खाचेत बसवलं. आठवं बसलं तेव्हा त्याने पिस्टन तिच्याकडे दिला, तिने बोट फिरवून बाबांकडे दिला, बाबांनी अंगठा फिरवून मान हलवली. टेबलावर काहीच उरलं नव्हतं. मधलीने तरीही कापड उचलून झटकलं.

*

इंजिन सुरू व्हायला तिसऱ्यांदा सेल्फ मारावा लागला. आधी खोकलं, मग निळा धूर सोडला, मग एकदम लयीत आलं. बाबा रेडिएटरपाशी उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. थोरला मोबाइलवर ते टिपत होता आणि आपलाच श्वास त्यात येऊ नये म्हणून तोंड दाबून उभा होता.

"टकटक?" मधलीने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. मग पुन्हा ऐकून, "नाही."

पिस्टन नवे असले की पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवावी लागते, त्याला रनिंग-इन म्हणतात. चाळीसच्या वर जायचं नाही, इंजिनावर ताण आणायचा नाही. म्हणून सगळ्यांनीच जायचं ठरलं.

"कुठे?" थोरल्याने विचारलं.

"सपाट रस्त्याने," आई म्हणाली. "डोंगराकडे नको. अजून नको."

मधलीने किल्ली धाकट्यापुढे धरली. त्याने घेतली नाही. "तू चालव. माझे हात थरथरतात," तो म्हणाला आणि शेजारी बसला. मागे बाबा, आई आणि मध्ये थोरला, लहानपणी बसायचा तसा गुडघे वर करून.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मग तळं, मग झाडांची लांब रांग. उन्हाची आणि सावलीची पट्टी आळीपाळीने काचेवरून सरकत होती. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या पुढे निघून गेला.

"गेला," थोरला म्हणाला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "त्याचं रनिंग-इन झालेलं असेल."

तळ्याच्या पुढे मधलीने गाडी झाडाखाली घेतली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरली. "माझे पाय अवघडलेत," ती म्हणाली. खरं नव्हतं ते. धाकटा बराच वेळ समोर बघत बसून राहिला. मग तो सरकला आणि त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले.  इंजिनाची थरथर कुठली आणि त्याची कुठली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मधली वळसा घालून त्याच्या जागी येऊन बसली आणि त्याने गियर टाकला.

 पहिला मैलभर तो दर वळणाला काटा बघत होता आणि काटा मधोमध होता. दुसऱ्या मैलाला थोरल्याची मान आईच्या खांद्यावर कलली. आईचं तोंड किंचित उघडं पडलं. मधलीने काचेला कपाळ टेकवलं आणि तिचे डोळे मिटले, तिने पुन्हा उघडले, पुन्हा मिटले.

धाकट्याने आरशात बघितलं. बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हातात गाडी असताना डोळा लावला नव्हता, ते मागे रेलून घोरत होते.

त्याने आरसा जरा खाली केला, म्हणजे सगळे एकदम दिसतील. मग एका हाताने आपल्या बाजूची काच वर घेतली, वारा लागून कुणी जागं होऊ नये म्हणून, आणि चाळीसच्या वेगाने चालवत राहिला.